खडा कुठे अडकलाय, ते आधी बघ

छकुले,

काल रात्री फोनवर बोलताना तू मध्येच थांबत होतीस, कळ येऊन गेली की मग पुढचं वाक्य. तेव्हाच ठरवलं की हे सगळं नीट लिहूनच पाठवायचं. एक डॉक्टर म्हणतात यूआरएस करू, दुसरे म्हणतात आरआयआरएस करू, आणि शेजारच्या काकू सांगतात, बाहेरून लाटा मारल्या की खडा फुटतो, चिरफाड कशाला. तू विचारलंस, "ताई, यातलं भारी कुठलं?" अगं, तिथेच गडबड होते. भारी कुठलं हे विचारायचंच नसतं. आपला खडा कुठे बसलाय, हे विचारायचं. मी डॉक्टर नाही, पण एकोणीस वर्षं युरोलॉजीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभी आहे. हातात दुर्बीण देणारी मी आणि पडद्यावर खडा बघणारीही मीच. तेवढ्या अधिकारानं सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नकोस, रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा. खड्यामुळे लघवी अडली आणि त्या अडलेल्या लघवीत जंतू वाढले, तर काही तासांत ते रक्तात पसरतात. अशा वेळी चांगला डॉक्टर खडा फोडत बसत नाही. तो आधी लघवीला वाट करून देतो, आतून स्टेंट नावाची मऊ नळी टाकून किंवा पाठीतून किडनीत बारीक नळी घालून. खड्याचं बघायचं ते ताप उतरल्यावर, जंतू आटोक्यात आल्यावर. नातेवाईक कुरकुरतात, "अहो, आत गेलाच होतात तर खडाही काढायचा ना!" नाही गं. पू झालेल्या किडनीत पाण्याचा दाब देऊन खडा फोडायचा म्हणजे ते विष स्वतःच्या हातानं रक्तात ढकलणं. माझ्यासमोर एक बाई खडा जसाच्या तसा आत ठेवून आयसीयूतून सुखरूप घरी गेल्या आणि तीन आठवड्यांनी हसत खडा काढायला आल्या.

आता तुझा रिपोर्ट. डाव्या मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरचा खडा, किडनीला मध्यम सूज. मूत्रवाहिनी म्हणजे किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत येणारी नळी, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. खडा बहुधा तीनच जागी अडतो. किडनीतून नळी सुरू होते तिथे, ओटीपोटात ती मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि पिशवीत शिरते तिथे. ही तिसरी जागा सगळ्यांत अरुंद. तुझा खडा पहिल्या जागेच्या जरा खाली आहे, आणि पुढचं सगळं या एका ओळीवर ठरतं.

आपोआप पडेल का? पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे साधारण तीनातले दोन आपले आपण पडतात. पाच ते दहामधले निम्म्याच्या आसपास, तेही खाली पिशवीजवळ असले तर जास्त. अशा खाली आलेल्या खड्याला डॉक्टर टॅम्सुलोसिन हे औषध देऊन चार ते सहा आठवडे थांबतात, आणि ते बरोबरच आहे. तुझा खडा नऊचा, वर अडलेला, त्यात किडनीला सूज आणि दर चार दिवसांनी कळ. याच्यासाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. सासूबाई पानफुटीची पानं देतात ती खा, कुळथाचं कढण पी, त्यांचं मन मोडू नकोस. पण अडकलेला कॅल्शियमचा खडा कुठल्याही पानानं विरघळत नाही. औषधानं विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, आणि तुझ्या सीटीवर घनता ११०० आलीय, म्हणजे तो तसला दिसत नाही. कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी ढोसू नकोस. त्यानं खडा ढकलला जात नाही, वरचा ताण वाढून कळ मात्र वाढते. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडला असं समजू नकोस. अडलेली किडनी काही दिवसांनी दुखायची थांबते आणि आतल्या आत झिजत राहते. अशी गप्प बसलेली किडनी घेऊन आलेले पेशंट बघितले की पोटात तुटतं. खडा पडल्याचं तपासून घ्यायचं, मग सुटकेचा श्वास.

आपल्या आजोबांच्या कमरेवरचा तो व्रण आठवतो? पाठीकडून पोटापर्यंत आलेला, टाक्यांच्या खुणांसकट. तो मुतखड्याच्या ऑपरेशनचा. आपण त्यावर बोट फिरवायचो. आज तसं कापायची वेळ फार क्वचित येते. १९१२ साली अमेरिकेत ह्यू हॅम्प्टन यंग नावाच्या सर्जननी एका लहान मुलाच्या फुगलेल्या मूत्रवाहिनीत दुर्बीण घातली आणि ती थेट किडनीपर्यंत पोचली, तिथून न कापता आत जायची वाट उघडली. पण खडा फोडायला बारीक, लांब दुर्बिणी हातात यायला १९८० उजाडलं. आजोबा थोडक्यात चुकले.

यूआरएस म्हणजे काय, ते माझ्या जागेवरून सांगते. लघवीच्या वाटेनंच आत जायचं, एकही टाका नाही. अर्धलवचिक दुर्बीण असते, लांब बारीक सळईसारखी, टोकाला दोन-अडीच मिलिमीटर जाड. आधी पिशवीत जाऊन मूत्रवाहिनीचं तोंड शोधायचं. मग त्यातून गाईडवायर वर सरकवायची, खड्याच्या बाजूनं, अगदी अलगद. खडा घट्ट रुतलेला असला की ती तार तिथे अडते, आणि त्या अर्ध्या मिनिटात ओटीत कुणी बोलत नाही. तार खड्याच्या पुढे गेली की सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर ती किडनीत वेटोळं घालताना दिसते आणि सगळ्यांचे खांदे सैल होतात. ती तार म्हणजे परतीचा दोर. पुढे काही बिघडलं तर तिच्यावरून स्टेंट सरकवता येतो. मग तारेच्या कडेनं दुर्बीण वर जाते. गुलाबी भिंत, वरून लटकवलेल्या सलाईनचं पाणी, आणि समोर खडा, पिवळट-तपकिरी, काटेरी, भोवतीची भिंत सुजून लाल झालेली. एवढासा असतो गं, पण माणसाला जमिनीवर लोळवतो.

फोडायची दोन साधनं. एक न्यूमॅटिक, हवेच्या दाबावर चालणारी बारीक पोलादी सळई. टक टक टक टक आवाज येतो, रस्ता फोडायच्या मशीनचं अगदी छोटं रूप. स्वस्त, टिकाऊ. खाली पिशवीजवळ अडलेल्या खड्याला याच्याइतकं साधं आणि चांगलं काम करणारं साधन नाही असं माझं मत आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांकडे हेच असतं आणि ते उत्तम हातानं वापरतात. तुझ्या जावेचा खडा खाली होता, तिला हेच सांगितलं असेल तर तिला घाबरवू नकोस.

पण तुझा वर आहे. न्यूमॅटिकचा ठोका बसला की खडा मागे उडतो. खाली असला तर थोडा सरकतो, वर असला तर सटकन किडनीत जाऊन बसतो. ही सळईसारखी सरळ दुर्बीण किडनीतल्या कोपऱ्यांत वळत नाही. मग काय, स्टेंट टाकून बाहेर यायचं आणि पेशंटला सांगायचं, खडा वर गेला. म्हणून वरच्या खड्याला लेसर बरा. होल्मियम लेसरची तंतूसारखी फायबर खड्याला टेकवायची, टोकाशी लाल ठिपका दिसतो, पेडल दाबलं की खड्याचा चुरा उडतो, पाण्यात रवा सांडल्यासारखा. याची ऊर्जा पाण्यातच शोषली जाते, अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे फारशी जात नाही. म्हणून भिंत सांभाळता येते, मात्र टोक खड्यावरच ठेवायला हवं. लेसरनंही खडा मागे सरकतो, पण कमी. हल्ली थुलियम फायबर लेसर आलाय, त्याचा चुरा आणखी बारीक आणि धक्का आणखी कमी. चांगला आहे, मी पाहिलाय. पण तुझ्या एका नऊ मिलिमीटरच्या खड्यासाठी होल्मियमवाल्या, विश्वासातल्या डॉक्टरांना सोडून थुलियमची जाहिरात बघून दुसऱ्या शहरात जाऊ नकोस. इथे मशीनपेक्षा हाताला महत्त्व आहे.

आता आरआयआरएस. तीच वाट, पण दुर्बीण पूर्ण लवचिक. बाहेरचा खटका अंगठ्यानं दाबला की आत तिचं टोक २७० अंशांपर्यंत वळतं, गोगलगायीसारखं स्वतःकडेच बघू शकतं. ही मुळात किडनीतल्या खड्यांसाठीची दुर्बीण. महाग आणि नाजूक, जरा जास्त वाकवली की दुरुस्तीला, म्हणून खर्च वाढतो. तुझे दोन डॉक्टर भांडत नाहीयेत गं. पहिले म्हणतात, बायकांची लघवीची वाट आखूड, सरळ दुर्बीण वरपर्यंत सहज जाते, तिथेच लेसरनं फोडू. ते खरं आहे. पुरुषांमध्ये ती सळई वर न्यायला जड जाते, आपल्यात बरीच सोपी. दुसरे म्हणतात, खडा किडनीत पळालाच तर लवचिक दुर्बीण लागेल, मग तीच आधी घेऊ. तेही खरं आहे. म्हणून माझं सांगणं, तू नाव निवडू नकोस, तयारी निवड. ज्यांच्या ओटीत त्या दिवशी दोन्ही दुर्बिणी हाताशी असतील आणि जे म्हणतील, "आधी सरळ दुर्बिणीनं बघतो, खडा वर गेला तर त्याच भुलेत लवचिक घेतो," त्यांच्याकडे जा. संमतीपत्रावर दोन्ही लिहून घे, आणि त्याचे पैसे कसे लागतील तेही आधीच विचार, म्हणजे ऑपरेशन चालू असताना भावोजींना बाहेर बोलावून विचारायची वेळ यायला नको.

पुढचं जरा दोनदा वाच, कारण इथेच पेशंट नाराज होतात. नळी ३-४ मिलिमीटरची, दुर्बीण टोकाला अडीचची. लवचिक दुर्बीण वापरताना तिच्याबाहेर बहुतेकदा एक पोकळ म्यान आधी घालतात, पाणी बाहेर यायला आणि दुर्बीण पुन्हा पुन्हा आत-बाहेर करायला. ही मापं फ्रेंचमध्ये मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. बारीकातलं म्यान बाहेरून साडेअकरा फ्रेंच, म्हणजे ३.८ मिलिमीटर. मोठं १४ फ्रेंच, म्हणजे साडेचारच्याही वर. आता तूच हिशेब कर. कुणाकुणाची नळी जन्मतःच इतकी बारीक असते की म्यान सोड, दुर्बीणही जात नाही. तेव्हा जोर लावला तर भिंत सोलली जाते, भोक पडतं, पुढे ती जागा आखडते. खडा मोठा असताना बास्केट नावाच्या तारेच्या जाळीत पकडून ओढला तर फार क्वचित नळीच तुटून येते. मी एकदाच पाहिलंय आणि ती दुपार विसरले नाही. शहाणा सर्जन अशा वेळी थांबतो, स्टेंट ठेवून बाहेर येतो. दोनेक आठवड्यांत स्टेंटभोवती नळी आपोआप सैल होते आणि मग दुर्बीण अशी जाते, जणू दारच उघडं होतं. म्हणजे भूल दोनदा, खर्चही वाढतो. घरचे म्हणतात, डॉक्टरला जमलं नाही. तुझ्या बाबतीत असं झालं तर तू तसं म्हणू नकोस. थांबता येणं हीच त्या हाताची पारख आहे.

काकूंच्या लाटांचंही सांगते. त्यात दुर्बीण नसते, बाहेरून आघात-लहरी खड्यावर एकवटतात. १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा केलं. दहा मिलिमीटरच्या आतल्या वरच्या खड्याला हा मार्ग चालतो, आणि धोका सगळ्यांत कमी याच्यात. पण एका बैठकीत मोकळं होण्याची खात्री दुर्बिणीइतकी नाही, शिवाय तुकडे तुलाच पाडायचे असतात, कळा काढत. तुझा खडा कडक आहे, म्हणून मी तिकडे वळणार नाही. आणि हो, पाळी चुकली असेल तर कुठल्याही एक्स-रेच्या, लाटांच्या आधी सांग. दिवस गेलेले असताना लाटा चालतच नाहीत. दीड-दोन सेंटिमीटरचा, महिनोन्‌महिने वर रुतून बसलेला खडा असेल तर पाठीतून किडनीत शिरून वरून खाली येतात किंवा लॅप्रोस्कोपीनं काढतात. तुझ्यावर ती वेळ नाही.

ऑपरेशनच्या आधी लघवीचं कल्चर झालंच पाहिजे, नुसती साधी तपासणी नाही. जंतू निघाले तर आधी गोळ्या, मग तारीख. आत पाणी दाबानं जातं, ऑपरेशन लांबलं की धोका वाढतो. म्हणून "एका तासात जेवढं होईल तेवढं, उरलं तर पुन्हा" म्हणणारे डॉक्टर मला आवडतात. रक्त पातळ करायची गोळी तू घेत नाहीस हे मला माहीत आहे, पण विचारलं की स्वतःच्या तोंडानं सांग.

आता स्टेंट. डीजे स्टेंट म्हणतात त्याला, कारण दोन्ही टोकं इंग्रजी 'जे'सारखी वळलेली. एक किडनीत, एक पिशवीत, मधे दीड-दोन मिलिमीटर जाड मऊ नळी. काम सोपं झालं, सूज नसली तर तो टाकायलाच हवा असं नाही, विचारून बघ. टाकला तर मात्र त्याचा त्रास होतो, आणि कुणी तो आधी सांगत नाही याचा मला राग येतो. सारखी लघवी लागते, ओटीपोट जड वाटतं, चार पायऱ्या चढलं की लघवी गुलाबी होते, लघवी करताना कमरेत कळ जाते कारण ती नळीतून वर चढते. हे सगळं स्टेंटचं आहे, घाबरायचं नाही. डॉक्टर गोळी देतील, तिनं बरं वाटतं. आठवडाभर कळशी, बादली, धुण्याचा पिळा उचलायचा नाही. ताप आला तर मात्र लगेच फोन.

आणि तो काढायचा असतो, हे विसरू नकोस. आपल्या मधल्या काकांचं माहीत आहे ना? खडा निघाला, दुखणं थांबलं, काका खूश. जिथे ऑपरेशन झालं तिथे कार्डावर तारीख कुणी लिहिली नाही, फोन कुणी केला नाही, काकांनी विचारलं नाही, आणि मी तेव्हा लांब होते. दोन वर्षांनी लघवीत रक्त दिसलं तेव्हा एक्स-रे काढला. स्टेंटच्या दोन्ही टोकांवर खडे चढले होते, पिशवीतला लिंबाएवढा. तो नुसता ओढून निघेना. पिशवीतला वेगळा फोडावा लागला, किडनीतला पाठीतून. खड्यापायी नव्हे, विसरण्यापायी हे सगळं भोगलं त्यांनी. साधा स्टेंट तीन महिन्यांच्या आत निघालाच पाहिजे, बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत निघतो. काढणं पाच मिनिटांचं, जेली लावून, भूल न देता. कधी त्याला दोरा ठेवतात, तो ओढूनच काढतात. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून घे आणि घरी येताच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या चौकोनाभोवती लाल गोल कर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. ती जागा रोज नजरेखालून जाते.

पैशाचं मनात धरून बसू नकोस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि सीटीचा रिपोर्ट दाखवून विचार, तुझं ऑपरेशन बसतं का. विमा असेल तर लेसरचा खर्च त्यात धरलाय का, हेही आधीच.

खड्याचे तुकडे निघाले की बाटलीत मागून घे, तपासणीला पाठव. बहुतेकदा कॅल्शियम ऑक्झलेटच निघतो, पण कळलेलं बरं. पुढे पाणी इतकं प्यायचं की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. तू शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीस कारण तिथलं बाथरूम बरं नसतं, हे मला माहीत आहे, तुझ्या खड्याचं मूळ मी तिथेच धरते. मुख्याध्यापिकांशी मी बोलू का, की तू बोलतेस? लोणचं-पापड कमी कर, वरून मीठ नको. दूध सोडू नकोस. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं, ते कमी केलं तर उलट खडे वाढतात.

मंगळवारची तारीख घे, बुधवारीही मला रजा आहे. सोमवारी संध्याकाळच्या एसटीनं निघते. रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही, म्हणून नऊला आपण दोघी मऊ भात खाऊ. सीटीची फिल्म, जुने रिपोर्ट आणि कल्चरचा कागद एका पिशवीत घालून दाराशी ठेव. बांगड्या मी आल्यावर काढू, तुझ्या हाताला सूज असते, एकटीनं ओढू नकोस.

तुझी ताई